देवाची जमीन व तिची दप्तरातील नोंद

देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर शिखराकडे, कळसाकडे व नव्या सभामंडपाकडे जाते. ते स्वाभाविकच आहे. परंतु पूर्वजांनी देवळाची जी व्यवस्था लावून दिली, तिचा एक मोठा भाग डोळ्यांना दिसत नाही. नंदादीपाचे तेल, रोजचा नैवेद्य, उत्सवाचा शिधा, पुजारी-गुरवाचा चरितार्थ हे सर्व ज्या जमिनीच्या उत्पन्नावर चालावे म्हणून ती जमीन देवाला दिली गेली, ती जमीन व तिचा कागद हाच तो भाग होय. भिंत खचली तर वर्गणी काढून ती पुन्हा उभी करता येते. जमिनीचा कागद एकदा बिघडला म्हणजे मात्र दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवूनही तो सुधारेलच असे नाही. म्हणून देवाला दिलेली जमीन दप्तरात कशी चढत आली, याचा इतिहास प्रत्येक गावाने जाणून घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे दान द्यायचे म्हणजे हातावर उदक सोडायचे. पाणी हातावरून ओघळले की दान पुरे झाले, अशी लोकांची समजूत. धर्मदृष्ट्या ते खरेच आहे. पण ज्यांनी मोठमोठी दाने दिली, त्या राजेरजवाड्यांनीही केवळ पाण्यावर भरवसा ठेवलेला दिसत नाही. उदक सोडल्यावर त्यांनी ते लिहून ठेवले, चारचौघांत जाहीर केले आणि अधिकाऱ्याकडून दप्तरात चढविले.

याचा सर्वांत जुना व ठळक पुरावा महाराष्ट्रातच आहे. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात जी लेणी आहेत, त्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. तेथे क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरविलेले लेख आहेत. त्याने लेण्यातील भिक्षूंच्या अन्नाची सोय व्हावी म्हणून एक शेत विकत घेऊन दिले. हे शेत अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांस घेतले, ते त्याच्या बापाचे होते आणि ते नगराच्या हद्दीवर वायव्येस आहे, असे लेखात सांगितले आहे. देणारा कोण, त्याला हक्क कोठून आला, किंमत किती आणि जमीन कोठे, या चारही गोष्टी त्यात आल्या. आजच्या खरेदीखतात याहून निराळे काय असते? त्याच उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे रोख रक्कमही व्याजाने ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे व एक हजार दुसरीकडे. आणि शेवटी लिहिले की, हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले व रिवाजाप्रमाणे फलकावर निबद्ध केले. म्हणजे त्या काळीही चावडीवर वाचन होत असे आणि नोंदवहीत नोंद होत असे.

त्याच डोंगरावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचे दोन हुकूम कोरलेले आहेत. महसुली कामकाजाची ज्याला माहिती आहे, त्याने ते अवश्य समजून घ्यावेत. नहपानाचे राज्य मोडून हा मुलूख सातकर्णीने घेतला. त्यानंतर राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा पाठविली. अपर कखडी गावातील जे दोनशे निवर्तने शेत आजवर उषवदाताकडे होते, ते त्रिरश्मीवरील भिक्षूंना दिले आहे. त्यात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलती दिल्या आणि हे शेत व या सवलती तेथे निबद्ध करून घ्या, असेही बजावले. आज्ञा तोंडी झाली आणि अमात्य शिवगुप्ताने ती लिहिली, याचीही नोंद आहे. जुन्या धारकाचे नाव, नव्या धारकाचे नाव, क्षेत्र, सवलत, हुकूम देणारा, लिहिणारा, वर्ष व दिवस असा हा पुरा फेरफारच होय.

पुढची हकिकत तर अधिक बोलकी आहे. सहा वर्षांनी, म्हणजे चोविसाव्या वर्षी, राजा व राजमाता यांच्या नावाने दुसरा हुकूम निघाला. तो अमात्य श्यामक याला आहे. कखडी गावी पूर्वी भिक्षूंना जे शेत दिले, ते कोणी कसत नाही, गावही वसलेले नाही. सबब नगराच्या सीमेवर जे राजाचे शेत आहे, त्यातून शंभर निवर्तने त्यांना द्यावीत. याही शेताला पूर्वीसारख्याच सवलती दिल्या आणि तेही निबद्ध करण्यास सांगितले. दान दिले म्हणून राजा मोकळा झाला नाही. दिलेली जमीन खरोखर उपयोगी पडते की नाही, हे त्याने पाहिले, आणि बदलून दिली तेव्हा बदललेली नोंदही करविली. काळ्या दगडावरची रेघ असे आपण म्हणतो. त्रिरश्मीवर ती अक्षरशः आहे, म्हणून आज एवढ्या शतकांनीही ते शेत कोणाचे होते हे सांगता येते.

पुढे राष्ट्रकूट, शिलाहार, यादव यांच्या काळात दानपत्रे तांब्याच्या पत्र्यावर लिहिली जात. त्यांत देणाऱ्याची वंशावळ, तिथी व दिल्या जमिनीच्या चतुःसीमा असत. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, ओढा कोठे, वाट कोठे हे स्पष्ट लिहीत. शेवटी दान हिरावून घेणाऱ्यास शाप असे. कित्येक गावांत, विशेषतः कोकणात, शेताच्या बांधावर वा देवळाच्या आवारात गद्धेगाळ म्हणून दगड सापडतो. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली ती शिवराळ आकृती. लोक लाजेने तो दगड पालथा घालतात किंवा पायरीला लावतात. पण तो दानाचा नोंदणीचा दगड आहे. चंद्र-सूर्य असेतोवर हे दान चालावे, आणि जो मोडील त्याला ही शिवी. ज्या काळी पोलीस-कचेरी दूर होती, त्या काळी शिवीलाच जप्तीच्या नोटिशीचे काम करावे लागे. जीर्णोद्धारात असा दगड निघाल्यास तो फोडू नये.

मराठेशाहीत देवस्थानाला इनाम जमीन दिली म्हणजे एका कागदावर काम भागत नसे. देवस्थानाला इनामपत्र मिळे, आणि त्याखेरीज देशमुख-देशपांडे व गावच्या मोकदमास वेगळी पत्रे जात. त्या पत्रांतून एक ठराविक आज्ञा असे की, या पत्राची नक्कल लिहून घ्यावी व अस्सल पत्र भोगवट्यासाठी परत द्यावे. दरसाल नव्या पत्राची मागणी करू नये, असेही लिहीत. म्हणजे अस्सल एकाकडे, नक्कल दप्तरी. आजच्या सात-बाऱ्यावरील भोगवटादार हा शब्द त्याच जुन्या भोगवट्याच्या वंशातला आहे. तंटा उपस्थित झाला तर गोतसभा बसे व महजर होई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत, कुलकर्णी लिही. अक्षर न येणाऱ्या माणसाचीही साक्ष कागदावर चढत असे. सारा गाव साक्षीदार असल्यामुळे पुढे कोणाला नाकबूल होणे अवघड जाई.

१८१८ साली पेशवाई गेली आणि दप्तराची रीत बदलली. इंग्रजांनी प्रथम जमीन मोजण्याचे काम हाती घेतले. प्रिंगल साहेबाची पहिली मोजणी चुकीची ठरून फसली. मग १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी जमाबंदी लावली आणि तीस वर्षांचा सारा ठरविला. तेहेतीस फुटी साखळी, तिचे सोळा आणे. तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताला नंबर मिळाला, कोपऱ्यावर दगड बसला, नकाशा निघाला. त्यापूर्वी शेताची ओळख नावावरून असे. देवाचा मळा, दिवटीचे शेत, घंटेचा तुकडा असे म्हटले की सर्वांना कळे. आता शेत नंबराने ओळखू लागले. मात्र या मोजणीत मुख्य प्रश्न होता तो सारा कोण भरणार हा. जमीन कोणाच्या मालकीची हा प्रश्न मागे राहिला.

देवाच्या जमिनींचा सारा माफ होता, म्हणून सरकारचे लक्ष तिकडे वळले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमले गेले. ज्याने त्याने आपापली जुनी पत्रे पुढे करावयाची होती. ज्यांचे कागद जपलेले होते त्यांचे निभावले. कसर लागलेल्या दप्तराच्या मालकांना मात्र फार सोसावे लागले. चौकशीत जी इनामे टिकली त्यांना सनदा मिळाल्या आणि इनामांचे वर्ग पडले. त्यांतील वर्ग ३ म्हणजे देवस्थान इनाम. आजही गाव नमुना नंबर ३ ही दुमाला जमिनींची नोंदवही आहे. देवस्थानच्या जमिनीचा तपास लावायचा असेल तर पहिला शोध तेथे घ्यावा.

खाजगी लोकांच्या व्यवहाराचे हाल निराळे होते. कुणबी माणूस सावकाराच्या ओटीवर बसून अंगठा करी, आणि त्यावर काय लिहिले आहे हे त्याला पुढे कोर्टातून समजे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे लोकांनी सावकारांची खते जाळली व तो वणवा पुढे पसरला. त्यानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खेडुताने करून द्यायचा दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावा, मजकूर त्याला समजावा, अशी तजवीज त्यात होती. एकंदर देशासाठी नोंदणीचा कायदा १८६४ पासून सुधारत आला व १९०८ चा कायदा अखेर कायम झाला. मालमत्ता हस्तांतराचा कायदा १८८२ चा, पण मुंबई इलाख्यास तो १८९३ च्या १ जानेवारीपासून लागू झाला. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच व्हावी आणि स्थावराचे बक्षीसपत्र किमान दोन साक्षीदारांसह लिहून नोंदले जावे, असे त्यामुळे ठरले.

तरी एक उणीव राहिलीच. दस्त तालुक्याच्या रजिस्टर कचेरीत नोंदला जाई, पण गावच्या दप्तरात जुनेच नाव असे. ही उणीव भरण्यासाठी १९०३ साली मुंबई सरकारने हक्कनोंदणीचा कायदा केला व १९१३ साली तो जमीन महसुलाच्या कायद्यात घातला. कोण मालक, कोण कूळ, कोणाचा बोजा हे गावातच लिहिले जाऊ लागले. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ साली झाला व १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला. गाव नमुना ७ म्हणजे हक्काचे पत्रक, १२ म्हणजे पिकांचे पत्रक. दोन्ही एका कागदावर आली म्हणून सात-बारा. नमुना ६ म्हणजे फेरफार, आणि ८-अ म्हणजे खातेदाराच्या नावावरील सर्व जमिनींचा उतारा.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे जरूर आहे, कारण बहुतेक नुकसान ती न समजल्यामुळे झाले आहे. जमीन एकाची दुसऱ्याकडे जाते ती दस्ताने, आणि ती गेली हे गावास कळते फेरफाराने. दस्त नोंदला पण फेरफार घातला नाही, तर सात-बारा जुन्याच नावाने बोलत राहतो. फेरफार झाला पण मागे दस्त नाही, तर सात-बारा बोलतो खरा, पण कोर्टात त्याचा आवाज बसतो. सात-बाऱ्यावरील नोंद उलट शाबीत होईपर्यंत खरी मानली जाते, पण तेवढ्याने मालकी उत्पन्न होत नाही.

देवाच्या जमिनी हातच्या गेल्या त्या तीन वाटांनी. पहिली वाट तोंडी दानाची. एखादा सज्जन नवस फेडताना देवापुढे सांगतो, ओढ्याकाठचे वीस गुंठे देवाला दिले. गाव त्याचा जयजयकार करतो. उत्पन्न देवळात येऊ लागते. कागद मात्र कोणी करीत नाही, कारण देवमाणसाकडे कागद मागणे बरे दिसत नाही. तो वारतो आणि वारसांची नावे लागतात. मुले बापाचा शब्द पाळतात. नातवंडांत वाटप होते, ते वीस गुंठे एकाच्या वाट्यास जातात आणि मुलीच्या लग्नापायी तो ते विकतो. घेणाऱ्याने सात-बारा पाहूनच पैसे मोजलेले असतात. अपराधी कोणास म्हणावे? देवाला अर्पण केलेली जमीन लेखाशिवायही अर्पण होऊ शकते, असे न्यायालयांनी मानलेले आहे. परंतु ते शाबीत करण्यास साक्षीदार जिवंत हवेत, आणि तोवर ते बहुधा देवाघरी गेलेले असतात.

दुसरी वाट वहिवाटदाराच्या नावाची. मूळ नोंद असते श्री अमुक देव, वहिवाटदार अमुक पुजारी. हाती लिहिलेले सात-बारे काही वर्षांनी नव्या वहीत उतरून काढीत असत. उतरताना कधी देवाचे नाव गळे व वहिवाटदाराचे तेवढे राही. पुजारी वारला की त्याच्या मुलांचे नाव वारस म्हणून चढे. त्यात प्रत्येक वेळी लबाडीच असे असे नाही. पुजाऱ्याच्या मुलालाही वाटे की आजोबांपासून आपणच कसतो, तेव्हा जमीन आपलीच. दोन वारस नोंदी झाल्या की ती देवाची होती हे सात-बाऱ्यावरून ओळखूही येत नाही.

तिसरी वाट कायदा न पाहिल्याची. खाजगी इनामे १९५३ साली रद्द झाली, त्यांतून देवस्थान इनामे वगळली होती. १ एप्रिल १९५७ रोजी कसेल त्याची जमीन हे तत्त्व अमलात आले, तेव्हाही सार्वजनिक न्यासाच्या जमिनींना सूट होती. मात्र संस्था १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेली असावी, सर्व उत्पन्न संस्थेच्याच कार्याला लागावे आणि जिल्हाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र असावे, अशा अटी होत्या. कित्येक देवळांच्या पंचांनी त्या वेळी हालचाल केली नाही. कुळाला जमीन मिळाली यात कुळाचा दोष नाही, कारण त्याने घाम गाळलेला होता. दिव्याचे तेल मात्र तेव्हापासून वर्गणीवर आले.

यावरून आज देवळाला जमीन देणाऱ्याने व घेणाऱ्या पंचांनी काय करावे हे उघड आहे. प्रथम देवस्थानची न्यास म्हणून नोंदणी असावी. देणाऱ्याच्या जमिनीचा ताजा सात-बारा, ८-अ, जुने फेरफार व मोजणीचा नकाशा काढून पाहावा. सामाईक खाते असेल तर सर्व हिस्सेदारांची संमती घ्यावी, त्यात बहिणींना विसरू नये. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा असेल तर तो आधी फेडून घ्यावा. शेतजमीन शेतकरी नसणाऱ्यास देण्यावर कूळकायद्याचे बंधन आहे, म्हणून न्यासासाठी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते काय हे आधी विचारावे. मग बक्षीसपत्र लिहावे. त्यात गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा व देण्याचा हेतू स्पष्ट घालावा. घेणार म्हणून देवाचे नाव लिहावे व विश्वस्तांचे नाव त्यांच्यामार्फत असे यावे. योग्य मुद्रांक भरून दोन साक्षीदारांसह ते दुय्यम निबंधकापुढे नोंदावे. दस्त झाल्यापासून चार महिन्यांची मुदत असते.

तेवढ्यावर पेढे वाटून घरी बसू नये. तीन महिन्यांच्या आत गावच्या तलाठ्याकडे खबर गेली पाहिजे. तलाठ्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नोंदणी कचेरीकडूनही आता संगणकावर खबर येते, तरी आपण जाऊन पाहावे. नमुना ६ मध्ये नोंद धरली जाते, चावडीवर तिची प्रत लागते, संबंधितांना नोटीस जाते. पंधरा दिवसांत कोणाची हरकत न आली तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आल्यास तक्रारीच्या नोंदवहीत जाऊन चौकशी होते. मंजुरीनंतरचा सात-बारा काढून त्यावरील अक्षर न् अक्षर वाचावे. धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देऊन न्यासाच्या मिळकतीत ती जमीन चढवावी. पुढे कधी ती विकण्याचा किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याचा प्रसंग आला तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि देवस्थान इनाम असेल तर सरकारचीही बंधने आहेत.

देवाच्या नावाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट निर्णय दिला आहे. मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव असावे. पुजारी हा देवाच्या मिळकतीचा सेवक व व्यवस्थापक असून त्याचे नाव महसुली दप्तरात असण्याची जरुरी नाही, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडील जुन्या सनदांचा आशयही याहून वेगळा नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने देव मालक होऊ शकतो, पण तो अज्ञान बालकासारखा मानला जातो. तो कचेरीत येत नाही, हरकत घेत नाही, नोटिशीवर सही करीत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी चावडीवर जाऊन लावलेला कागद वाचला पाहिजे. पूर्वी ते काम सारे गोत करी. आता सात-बारा २०१८ पासून डिजिटल सहीने घरबसल्या मिळतो, आणि वाचण्याचा आळस तेवढा उरला आहे.

म्हणून दरवर्षी उत्सवाच्या हिशेबाबरोबर देवाच्या जमिनींचे सात-बारे पंचांनी सभामंडपात मोठ्याने वाचून दाखवावेत. गट नंबर कोणता, क्षेत्र किती, नाव कोणाचे, कसतो कोण, हे लहान-थोर सर्वांच्या कानांवर जावे. निगमसभेत वाचून दाखविले व फलकावर निबद्ध केले, असे त्रिरश्मीच्या दगडावर लिहिले आहे. तीच रीत नव्या मंडपात चालू राहिली तर नंदादीपाच्या तेलाची चिंता पुढच्या पिढीस करावी लागणार नाही.